सव्वातीन मल्याळी आणि 'बेंगलोर रॉक'

इंग्रजीत गाणारे भारतीय रॉक देशीवादी समीक्षेला सहज उपरे वाटते. बंगळुरूत १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'थर्मल अँड अ क्वार्टर' या बँडची वाटचाल मात्र हा निवाडा अवघड करते. मूळ सदस्यांत तीन मल्याळी आणि एक पाव मल्याळी. इंग्रजी कोटीत दडलेले हे सव्वातीन म्हणजेच बँडचे नाव. (मराठीला या अपूर्णांकासाठी कोटीची गरज पडली नसती.) २००० च्या पहिल्या अल्बमचे शीर्षक म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. रॉक, फंक आणि जॅझ यांच्या या मिश्रणाला 'बेंगलोर रॉक' हे नाव त्यांनीच दिले. २०१२ च्या तीन तबकड्यांच्या 'थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज'मध्ये शहर रिक्षाच्या रूपाने येते. 'मीटर मेले वन अँड अ हाफ' या गीतशीर्षकात तर मीटरच्या दीडपट भाड्याची मागणीच आहे. येथे कन्नड शिरते ती घासाघिशीतून, प्रवाशाच्या कानावर पडलेली. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तील (१९७६) दृष्टी भालचंद्र नेमाडे यांना पर्यटकाची वाटली होती. तोच आक्षेप येथेही घेता येईल. परंतु बाहेरून आलेल्यांनी वाढवलेल्या शहरात प्रवाशाची जागा ही उपऱ्याची जागा नव्हे. खटकते ते एवढेच, की त्या जागेवरून रिक्षावाल्याची फक्त पाठ दिसते.