शक्ती, सत्ता आणि श्रम : मायकल ग्रँट यांच्या ‘गॉन’ या किशोर-कादंबरीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

अतिमानवी शक्ती लाभलेला नायक ही विसाव्या शतकातील अमेरिकन लोकप्रिय वाङ्मयाची एक ठळक निर्मिती होय. १९३८ मध्ये चित्रकथेतून ‘सुपरमॅन’ वाचकांसमोर आला. त्यानंतरच्या दोन दशकांत किशोरवयीन पात्राला बहुधा प्रौढ नायकाच्या साहाय्यकाचीच जागा मिळत असे. १९६२ मध्ये ‘स्पायडरमॅन’च्या रूपाने एक शाळकरी मुलगा स्वतःच नायक झाला आणि १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’मधून शक्तिसंपन्न किशोरांचा गट अवतरला. तथापि या दोन्ही ठिकाणी वडीलधाऱ्यांचे छत्र होते. स्पायडरमॅनच्या घरी काकू होती, एक्स-मेनच्या पाठीशी गुरू होता. शक्ती मुलांची आणि विवेक मोठ्यांचा, अशी ही वाटणी होती.

मायकल ग्रँट यांची ‘गॉन’ ही २००८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी ही वाटणीच मोडून काढते. शक्ती मुलांना मिळतात आणि त्याच वेळी सर्व प्रौढ नाहीसे होतात. त्यामुळे शक्तीचा वापर कसा करावा, या परिचित प्रश्नाच्या आधी दुसराच प्रश्न उभा राहतो : ज्याच्याकडे शक्ती आहे त्याला राज्य करण्याचा अधिकार आपोआप मिळतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने कादंबरीचे कथानक, पात्रचित्रण, प्रतिमा आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

लेखक आणि कादंबरीमाला

मायकल ग्रँट यांनी पत्नी कॅथरिन अ‍ॅपलगेट यांच्यासमवेत १९९६ ते २००१ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिमॉर्फ्स’ या मालिकेचे लेखन केले. प्राण्यांचे रूप घेण्याची शक्ती मिळालेल्या मुलांची ती कथा होती. ‘गॉन’ हा त्यानंतरचा, वयाने थोड्या मोठ्या वाचकांसाठी केलेला आणि अधिक कठोर असा प्रयोग आहे. ‘हंगर’ (२००९), ‘लाइज’ (२०१०), ‘प्लेग’ (२०११), ‘फिअर’ (२०१२) आणि ‘लाइट’ (२०१३) हे तिचे पुढील पाच भाग होत. येथे प्रामुख्याने पहिल्या भागाचा विचार केला असून आवश्यक तेथे पुढील भागांचा निर्देश केला आहे.

कथानकाचे स्वरूप

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पर्डिडो बीच हे काल्पनिक गाव या कादंबरीचे स्थळ आहे. इतिहासाचा तास चालू असताना शिक्षक बोलता बोलता अदृश्य होतात. पंधरा वर्षे पूर्ण झालेली एकही व्यक्ती गावात उरलेली नाही, हे थोड्याच वेळात लक्षात येते. अणुवीज केंद्र मध्यबिंदू मानून सुमारे वीस मैल व्यासाची एक अभेद्य भिंत परिसराभोवती उभी राहिली आहे. याच केंद्रावर पूर्वी उल्का आदळली होती. या कोंडलेल्या प्रदेशाला मुले ‘फेझ’ असे नाव देतात.

काही मुलांमध्ये शक्ती दिसू लागतात. चौदा वर्षांच्या सॅम टेंपलच्या तळहातांतून दाहक प्रकाश निघतो. लाना जखमा भरून काढू शकते. डोंगरावरील कोट्स अकादमी या निवासी शाळेतून केन सोरेन हा मुलगा आपल्या साथीदारांसह गावात येतो. स्पर्श न करता वस्तू उचलून फेकण्याची शक्ती त्याच्याकडे आहे. चर्चमध्ये सभा भरवून तो गावाची सूत्रे हाती घेतो. सॅम आणि केन यांचा संघर्ष, ते जुळे भाऊ असल्याचा उलगडा आणि गावातील चौकात होणारी अखेरची लढाई असा कथानकाचा प्रवास आहे.

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रौढांविना उरलेली मुले आणि त्यांच्यात फोफावणारी हिंसा हा दोहोंतील समान धागा आहे. मात्र एक भेद निर्णायक ठरतो. गोल्डिंग यांच्या बेटावर केवळ मुलगे आहेत. तान्ही बाळे नाहीत. पर्डिडो बीचमध्ये मुली आहेत, रांगती बालके आहेत, किराणा दुकान आहे आणि पाळणाघरही आहे. त्यामुळे लंगोट कोण बदलणार आणि स्वयंपाक कोण करणार, हे प्रश्न सत्तेच्या प्रश्नाइतकेच निकडीचे होतात. साहसकथेत सहसा न दिसणारे घरकाम येथे कथेच्या मध्यभागी येते.

शक्तीचे मापन आणि सत्तेची भाषा

केनच्या गटातील डायना लॅड्रिस हिची शक्ती वेगळ्या प्रकारची आहे. एखाद्याचा हात हातात घेतला की त्याच्याकडे किती शक्ती आहे, हे तिला कळते. मोबाइल फोनच्या पडद्यावर संदेशलहरींची ताकद जशी रेघांनी दाखवली जाते, तशा रेघांत ती हे प्रमाण सांगते. केन आणि सॅम हे दोघेही तिच्या मोजणीत सर्वांत वरच्या, चार रेघांच्या पातळीवर आहेत.

वरवर खेळकर वाटणारी ही कल्पना कादंबरीच्या आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शक्ती मोजता आली की उतरंड तयार होते. उतरंड तयार झाली की आपल्या वर कोणी आहे काय, या भीतीने वरच्या पायरीवरील माणूस ग्रासला जातो. केनचे राजकारण या भीतीतून चालते. तो सभ्य भाषेत बोलतो, पदे वाटतो, सॅमला अग्निशमनाची जबाबदारी देतो. पण त्याच वेळी आपल्याला आव्हान देऊ शकतील अशा मुलांना निष्प्रभ करण्याची व्यवस्थाही करतो. शासनाची बाह्य चिन्हे आणि दहशत ही दोन्ही एकाच हातात कशी नांदू शकतात, याचे हे चित्रण किशोर-वाचकाला सहज कळेल इतके स्पष्ट आहे.

सॅमचे पात्र याच्या विरुद्ध बाजूला उभे आहे. पूर्वी शाळेच्या बसचालकाला हृदयविकाराचा झटका आला असता त्याने बस सावरली होती. तेव्हापासून इतर मुले त्याच्याकडे नेता म्हणून पाहतात. त्याला मात्र ते ओझे नको आहे. शिवाय एका रात्री त्याच्या प्रकाशाने सावत्र वडिलांच्या हाताला भयंकर इजा झालेली असते. या प्रसंगाची अपराधभावना तो लपवून ठेवतो. नायकाचा संकोच हा या वाङ्मयप्रकारात सद्गुण मानला जातो. ग्रँट यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली आहे. सॅम पुढे होत नाही, म्हणून निर्माण झालेली पोकळी आधी गावगुंड आणि मग केन भरून काढतो. जबाबदारी टाळणे हीदेखील एक कृती आहे आणि तिची किंमत दुबळ्यांना मोजावी लागते, हा विचार कथानकातूनच व्यक्त होतो.

हात : एक आशयप्रतिमा

या कादंबरीत हाताची प्रतिमा सातत्याने येते. सॅमचा प्रकाश तळहातांतून निघतो. केन हात उगारतो आणि वस्तू हलतात. डायना हात धरून शक्ती मोजते. लाना हाताच्या स्पर्शाने बरे करते. सॅमच्या प्रकाशाने ड्रेक मर्विनचा हात जळतो आणि त्या जागी पुढे चाबकासारखा अवयव उगवतो. सर्वांत भयानक प्रतिमा कोट्स अकादमीतील आहे. केनला न जुमानणाऱ्या शक्तिधारी मुलांचे हात तेथे सिमेंटच्या ठोकळ्यांत बंदिस्त केलेले असतात. शक्ती काढून घेता येत नाही, म्हणून हातच निकामी केले जातात. ती मुले इतर कोणत्याही कामासाठी परावलंबी होतात.

या पार्श्वभूमीवर एडिलिओ एस्कोबार याचे हात विशेष लक्ष वेधतात. होंडुरासमधून आलेल्या कुटुंबातील या मुलाकडे कोणतीही शक्ती नाही. जळत्या इमारतीतून एका लहान मुलीला वाचवण्याचा सॅमचा प्रयत्न फसतो. तिच्यासाठी गावातील चौकात खड्डा खणतो तो एडिलिओ. नंतरच्या मृतांसाठीही तोच खणत राहतो. सॅमचा मित्र क्विन त्याच्या वंशावरून त्याला टोमणे मारतो. एडिलिओ काम थांबवत नाही. प्रकाश फेकणारे हात आणि फावडे धरणारे हात यांची ही मांडणी लेखकाने कोठेही भाष्य करून सांगितलेली नाही. ती प्रसंगांतून उलगडते, म्हणूनच परिणामकारक ठरते.

शक्तिहीनांचे कर्तृत्व

एडिलिओ एकटा नाही. मेरी टेराफिनो ही मुलगी भाऊ जॉन याच्या मदतीने पाळणाघर सांभाळते. घाबरलेल्या, रडणाऱ्या, आजारी पडणाऱ्या बालकांची संख्या कमी होत नाही आणि मेरीला विश्रांती मिळत नाही. तिला स्वतःला खाण्याशी निगडित मानसिक विकार आहे, हे तपशील लेखकाने संयमाने दिले आहेत. इतरांना भरवणारी मुलगी स्वतः उपाशी राहते, हा विरोधाभास अंगावर येतो. अल्बर्ट हा मुलगा बंद पडलेले मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह चालू करतो आणि शेवटी थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीची व्यवस्था करतो. लढाईनंतरचे गाव पुन्हा गाव वाटते ते या जेवणामुळे.

पुढील भागांत हे सूत्र अधिक ठळक होते. ‘हंगर’मध्ये अन्न संपत येते, कोबीच्या शेतात मांसभक्षक किडे शिरतात आणि सॅमचा प्रकाश भुकेपुढे निरुपयोगी ठरतो. अल्बर्ट त्या वेळी सोन्यावर आधारित चलनाचा विचार करतो. पहिल्या भागात मित्राचा विश्वासघात करणारा क्विन पुढे मासेमारी करून गावाला अन्न पुरवतो आणि त्या श्रमातून स्वतःची प्रतिष्ठा परत मिळवतो.

शक्तिहीन तेवढे सज्जन आणि शक्तिमान तेवढे दुर्जन, अशी सोपी विभागणी मात्र लेखकाने केलेली नाही. ड्रेक हा कादंबरीतील सर्वांत क्रूर मुलगा आहे आणि आरंभी त्याच्याकडे कोणतीही शक्ती नाही. उलट लानाची शक्ती सेवेसाठी खर्च होते. म्हणजे खरी सीमारेषा शक्ती असणे आणि नसणे यांमध्ये नाही. इतरांच्या जगण्याचा भार कोण उचलतो, यावर पात्राचे मोल ठरते.

कालगणना आणि प्रौढत्वाचा प्रश्न

प्रकरणांच्या आरंभी तास आणि मिनिटे उलट्या क्रमाने दिलेली आहेत. ही मोजणी सॅमच्या पंधराव्या वाढदिवसाकडे जाणारी आहे. पंधरा पूर्ण होताच तोही नाहीसा होणार, अशी सर्वांची समजूत आहे. अ‍ॅना आणि एमा या जुळ्या बहिणींच्या वाढदिवसाचे चित्रीकरण तपासल्यावर त्या क्षणी नेमके काय घडते, याचा सुगावा लागतो. आपली सर्वांत विश्वासाची व्यक्ती समोर येऊन बोलावते आणि जो तिच्याकडे जातो तो निघून जातो. सॅमसमोर त्याची आई उभी राहते. तो नकार देतो आणि मागे राहतो.

या प्रसंगाला प्रतीकात्मक मूल्य आहे. आईच्या कुशीत परतणे म्हणजे बाल्यात परतणे होय. मागे राहणे म्हणजे जखमी, भुकेल्या आणि भांडणाऱ्या समाजात राहणे. वय वाढल्याने माणूस प्रौढ होत नाही. राहण्याचा निर्णय घेतल्याने होतो, असे येथे सुचवले आहे. केनही त्या क्षणी मागे राहतो, परंतु सत्तेसाठी. त्यामुळे निर्णयामागील हेतूचा प्रश्न वाचकासमोर खुला राहतो.

कादंबरीच्या मर्यादा

‘गॉन’च्या काही मर्यादांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा दुष्टत्वाच्या स्पष्टीकरणाची आहे. खाणीत दडलेली ‘डार्कनेस’ ही अज्ञात शक्ती जसजशी पुढे येते तसतशी माणसातील क्रौर्याची जबाबदारी बाहेरच्या अस्तित्वावर ढकलली जाते. ड्रेकसारख्या पात्राचा आरंभीचा अस्वस्थ करणारा मानवी अंश त्यामुळे पुसट होतो. दुसरी मर्यादा अ‍ॅस्ट्रिडचा स्वमग्न भाऊ पीट याच्या चित्रणात आहे. अणुवीज केंद्रातील अपघाताच्या भीतीने त्यानेच ही भिंत निर्माण केली, हा उलगडा परिणामकारक असला तरी पहिल्या भागात पीट माणूस म्हणून कमी आणि कथानकाची किल्ली म्हणून अधिक वावरतो. तिसरे, नायक आणि प्रतिनायक जुळे भाऊ असणे ही जुनी क्लृप्ती आहे. दोघांतील फरक निवडीतून घडतो हे सांगण्यासाठी तिची गरज नव्हती. हिंसेचे काही तपशील लहान वाचकांना न पेलणारे आहेत, हेही मान्य करावे लागते.

निष्कर्ष

१. ‘गॉन’ ही शक्तिसंपन्न किशोरांची साहसकथा असली तरी तिचा केंद्रवर्ती प्रश्न शक्तीचा नसून सत्तेच्या अधिकाराचा आहे.

२. प्रौढांचे छत्र काढून घेतल्यामुळे विवेकाचा भार मुलांवरच येतो आणि या वाङ्मयप्रकाराची रूढ चौकट बदलते.

३. शक्तीच्या मोजमापातून उतरंड आणि उतरंडीतून दहशत कशी निर्माण होते, हे डायना व केन यांच्या चित्रणातून दिसून येते.

४. हाताच्या प्रतिमेतून शक्ती आणि श्रम यांची तुलना साधली असून एडिलिओ, मेरी व अल्बर्ट ही शक्तिहीन पात्रे गावाचा खरा आधार ठरतात.

५. दुष्टत्वाचे बाह्य स्पष्टीकरण आणि पीटचे साधनरूप चित्रण या कादंबरीच्या प्रमुख मर्यादा होत.

लढाई कोण जिंकले हे कादंबरी मिटल्यावर कालांतराने विसरले जाईल. चौकात खड्डा खणणारा मुलगा आणि पाळणाघरात जागणारी मुलगी मात्र वाचकाच्या मनातून सहजासहजी जात नाहीत. शक्तीच्या स्वप्नात रमलेल्या वयाला ही कादंबरी श्रमाचे मोल दाखवते आणि हेच तिचे वाङ्मयीन यश होय.