आधी खुब्याला विचारा

योगवर्गात, पिलाटीसच्या स्टुडिओत, नृत्याच्या तालमीत आणि मालिशच्या टेबलापाशी हल्ली शरीरशास्त्राची भाषा सर्रास ऐकू येते. पूर्वी 'पाठ ताठ ठेवा' एवढ्यावर भागायचं. आता सोअस, ग्लूट्स, कोअर, फॅशिया. भिंतीवर स्नायूंचा तक्ता, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा. याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की हे ज्ञान बहुतेक वेळा शिक्षकाने आधीच ठरवलेल्या गोष्टीला भारदस्त नाव देण्याच्या कामी येतं. समोरच्या माणसाचं शरीर कसं चालतं, हे तपासायला ते क्वचितच बाहेर निघतं.

आपल्याकडे सुरुवात उलट झाली होती. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं, आणि उड्डियान-नौली या पोटाच्या क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब किती उतरतो हे चक्क दाबमापक लावून पाहिलं. त्या प्रयोगांची पद्धत आज जुनी वाटेल, पण 'असं खरंच होतं का?' हा प्रश्न तिथे होता. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची वाट वेगळी. प्रयोगशाळा नाही, पण नजर जबरदस्त. विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वापरून त्यांनी आसन माणसापर्यंत आणलं, माणसाला आसनात कोंबलं नाही. उपयोजित शरीरशास्त्रातली ही मोठी कामगिरी आहे, त्यात लॅटिन नावं असोत वा नसोत. त्यांच्या 'लाइट ऑन योग'मधले (1966) ग्रंथी आणि अवयवांवरच्या परिणामांचे दावे मात्र पुराव्याच्या बरेच पुढे धावतात. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी दावे उचलले, सूचना पाठ केल्या. नजर तेवढी मागे राहिली.

पद्मासनच घ्या. पाय मांडीवर चढतो तो खुब्यात मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला फिरल्यामुळे. गुडघा मुख्यतः वाकण्यासाठी आहे. वाकलेला असताना तो थोडासा वळतो, फार नाही. खुबा अडला आणि तरी पाऊल वर ओढलं, तर उरलेला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो आणि आतल्या कूर्चेवर ताण येतो. खुबा किती फिरेल हे काही अंशी हाडाच्या घडणीवर ठरतं. मांडीच्या हाडाची मान पुढच्या बाजूला वळलेली असते, प्रौढांत साधारण 15 अंश. ज्यांची ती जास्त वळलेली, त्यांचा पाय आतल्या बाजूला सहज फिरतो आणि बाहेर फिरताना अडतो. अशी माणसं लहानपणी पाय बाहेर टाकून फतकल मारून आरामात बसायची, मांडी घालायची म्हटलं की गुडघे वर राहायचे. त्यांना 'सरावाने येईल' म्हणणं म्हणजे हाडाला शिकवणी लावणं. तपासायला मिनिटही लागत नाही. खुर्चीवर बसवा, मांडी स्थिर ठेवा आणि पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे झुलवायला सांगा. पाऊल जितकं आत येतं, तितका खुबा बाहेर फिरतो. दोन्ही बाजू पाहा, बहुधा सारख्या नसतात. ही तपासणी करून मगच पद्मासन शिकवणारे वर्ग मला फार थोडे दिसले.

पाय पसरून पुढे वाकण्याच्या पश्चिमोत्तानासनातही तेच. गुडघ्यामागे ओढ बसली की 'हॅमस्ट्रिंग आखडलाय' हे उत्तर ठरलेलं. पण त्याच स्थितीत, बाकी काही न हलवता, नुसती मान वर उचलायला सांगा. पुष्कळांची ओढ कमी होते. मांडीमागचा स्नायू मानेपर्यंत जात नाही. मज्जारज्जू आणि त्याच्याशी जोडलेल्या नसा मात्र तिथून पायापर्यंत एकसंध आहेत. अशी ओढ आणखी जोराने ताणणं शहाणपणाचं नाही.

कोअरची, म्हणजे पोट-कंबरेच्या स्नायूंची, कथा थोडक्यात सांगता येते. 1996 साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांना आढळलं की कंबरदुखीच्या रुग्णांत हात हलवताना पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू किंचित उशिरा कामाला लागतो. त्यातून जगभर 'बेंबी आत घ्या'चा जप सुरू झाला. 2010 साली आयल लेडरमन यांनी या उशिरामुळेच कंबर दुखते या मतावर सडकून टीका केली. उशीर हे दुखण्याचं कारण की परिणाम, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. जप अजून चालू आहे.

मालिश आणि हस्तोपचाराच्या बाजूला फॅशियाचा, म्हणजे स्नायूंभोवतीच्या आवरणाचा, बोलबाला आहे. टॉमस मायर्स यांच्या 'ॲनाटमी ट्रेन्स'ने (2001) स्नायूंच्या साखळ्यांचा मोहक नकाशा दिला. पुढे शवविच्छेदनाच्या नोंदी पडताळल्या तेव्हा पाठीमागच्या साखळीला भक्कम आधार मिळाला, पुढच्या उथळ साखळीला मिळाला नाही. 2008 साली चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमान मांडलं: तळव्याचं आणि मांडीच्या बाहेरचं जाड आवरण हाताच्या दाबाने जरासंही बदलायला जे बळ लागेल, ते सामान्य मर्यादेपलीकडचं आहे. म्हणजे 'मी तुमचा फॅशिया मोकळा केला' हे वाक्य डळमळीत आहे. आराम मात्र खरा असतो. तो मज्जासंस्थेच्या प्रतिसादातून येत असण्याचा संभव अधिक. तेवढं सांगितलं तरी गिऱ्हाईक पळून जाणार नाही.

या सगळ्यात मला मोशे फेल्डेनक्राइस यांची पद्धत सर्वांत कार्यलक्षी वाटते. हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्यूदोपटू, स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यापायी हालचालीच्या अभ्यासाकडे वळलेले. त्यांच्या धड्यांत स्नायूंची नावं जवळजवळ नसतात. जमिनीवर पडून एक लहानशी हालचाल हळू करायची, थांबायचं, दोन बाजूंतला फरक जाणवतो का ते पाहायचं. संशोधनाचा आधार इथेही अजून तोकडाच आहे, आणि अनुयायांत भाविकता भरपूर. पण पद्धतीच्या मुळाशी निरीक्षण आहे.

आपल्याकडे 200 तासांच्या योगशिक्षक अभ्यासक्रमांचं पीक आलं आहे. त्यांत शरीरशास्त्राचा पेपर असतो आणि तो बहुधा स्नायूचा उगम कुठे, जोड कुठे, हे विचारतो. अनोळखी विद्यार्थी समोर बसवून 'याला पद्मासन द्याल का, आणि कशावरून?' असं विचारणारा परीक्षक शोधावा लागतो.