पल्लेदार बंदूक, तिलबिंदु आणि स्नायपर रायफल

गेल्या कांहीं वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून, कादंबऱ्यांतून आणि गडकिल्ल्यांवरील लेखांतूनहि 'स्नायपर' हा शब्द मुक्तहस्तानें वापरला जाऊं लागला आहे. बुरुजावरून नेम धरणारा बरकंदाज म्हणजे स्नायपर. लांब नळीची तोड्याची बंदूक म्हणजे स्नायपर रायफल. आणि रणांत कोणी सरदार गोळी लागून पडला कीं ती गोळी स्नायपरचीच! अशा भाषेनें लेखास नवलाई येत असेल. परंतु ज्यांस जुने कागद लावावयाचे आहेत व जुन्या वस्तूंची नोंद करावयाची आहे, त्यांस ती वाट चुकविणारी आहे. म्हणून ज्या हत्याराचें नांव असें उसनें घेतलें जातें, त्याची रचना प्रथम तपासून, मग आपल्या जुन्या बंदुकीशीं त्याचें नातें किती हें ठरविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) शब्दाचें मूळ. 'स्नाइप' हें एका पक्ष्याचें इंग्रजी नांव. आपण त्यास पाणलावा म्हणतों. हिंवाळ्यांत तो आपल्याकडील पाणथळींत व भातखाचरांत उतरतो. रंग चिखलांत मिसळणारा, आणि उठला म्हणजे वेडींवांकडीं वळणें घेत उडणारा. त्यामुळें त्याची शिकार अवघड. इ. स. १७७० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांच्या पत्रांतून ह्या शिकारीचा शब्द वापरांत आलेला दिसतो. पुढें लपून एकेक माणूस टिपणाऱ्या बंदूकवाल्यास तेंच नांव लागलें, व पहिल्या महायुद्धांत तें सर्वतोमुखीं झालें. म्हणजे शब्द ह्याच भूमींत वाढला. पण तो कर्म सांगतो, हत्यार सांगत नाहीं. हा भेद पुढें उपयोगीं पडेल.

(२) आधुनिक रायफलीची रचना. उदाहरणासाठीं फिनलंडांतील साको कारखान्याची टीआरजी-४२ घेऊं. २०२२ च्या सुमारास ती भारतीय सैन्याच्या हातीं नियंत्रणरेषेवर आली. तत्पूर्वीं अनेक वर्षें हें काम रशियन ड्रागुनोव्ह करीत असे. सोव्हिएत सैन्यानें १९६३ सालीं स्वीकारलेली ती बंदूक स्वयंभरणी आहे. एक बार उडतांच त्याच्याच वायूच्या जोरानें दुसरें काडतूस आंत येतें. साकोमध्यें ही सोय मुद्दाम ठेवलेली नाहीं. प्रत्येक बारानंतर नेमबाजानें बोल्टची मूठ ६० अंश वर उचलावी, मागें ओढावी, पुढें ढकलावी व खालीं पाडावी. दाराची कडी काढून पुन्हा लावावी तसाच हा प्रकार. युरोपांत १८४१ सालीं प्रशियानें ड्रायझेची बंदूक पत्करली तेव्हांपासूनचा हा खटाटोप आजहि कां ठेविला?

ह्याचें उत्तर असें कीं चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बंदुकींत जितके कमी भाग हलतील तितकें बरें. बोल्टच्या तीन खुंट्या त्यास काडतुसामागें घट्ट अडकवून ठेवतात. नळी जाड, सुमारें ६९० मिलिमीटर लांब, आणि पुढें दस्त्यास कोठेंहि न टेकणारी; म्हणून ती तापली तरी दस्त्याच्या दाबानें तिची दिशा बदलत नाहीं. गालाखालचा व खांद्याकडील भाग माणसाच्या मापाप्रमाणें सरकवितां येतो. चापाचा ताणहि कमीजास्त करतां येतो. ह्या सर्व योजनेचा हेतु एकच : पहिला बार जसा झाला तसाच दहावा व्हावा. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें, तें ह्याच सारखेपणाच्या बळावर. अचूकपणा म्हणजे दूर फेंकणें नव्हे. ज्योतिषांत ज्यास आपण कला म्हणतों, त्या अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर गोळी १०० मीटरांवर सुमारें २.९ सेंटिमीटर ढळते आणि १००० मीटरांवर २९.

ह्या हत्यारांतहि दोष आहेत. दुर्बिणीवांचूनच वजन पांच किलोंहून अधिक, पेटींत काडतुसें पांचच, आणि शत्रु जवळ आल्यास बार संथ. तिचा पल्ला १५०० मीटर म्हणून सांगितला जातो. तो आंकडा बखरींतील सैन्यसंख्येप्रमाणें तारतम्यानेंच वाचावा. तो एकट्या बंदुकीचा गुण नसून नळी, काडतूस, दुर्बीण, वारा व माणूस ह्या पांचांची ती बेरीज आहे.

(३) तोड्याची बंदूक. आतां आपल्याकडील बंदूक पाहूं. तिची नळी लांब, आणि आंतून बहुधा गुळगुळीत. मळसूत्री चर पाडलेल्या देशी नळ्या आढळतात, परंतु त्या अपवाद होत. गोल गोळी नळीहून किंचित लहान असावी लागे, नाहींतर ती गजानें ठासतां येत नसे. त्यामुळें बाहेर पडतांना ती कडांस घासत, आपटत येई, आणि मळसूत्राच्या अभावीं तिला निश्चित फिरकी मिळत नसे. शिवाय चाप ओढल्यावर जामगी कानाशीं उतरावी, रंजक पेटावी व मग आंतील दारूस आग लागावी. तेवढ्या अवकाशांत नेम हलण्यास वाव राही. नळी लांब ठेवण्यास कारण होतें : काळ्या दारूचा जोर गोळीमागें अधिक वेळ राहतो, व नेमाच्या दोन खुणांत अंतर वाढतें. म्हणून तिला पल्लेदार म्हणत तें योग्यच. १८३९ ते १८४२ च्या युद्धांत अफगाणांच्या लांब जेझाइलींनीं इंग्रजांच्या बंदुकांस पल्ल्यांत मागें टाकलें, हें प्रसिद्ध आहे. पण पल्ला निराळा आणि वेध निराळा. अमरकोशांत हात सिद्ध झालेल्या धनुर्धरास कृतहस्त व लक्ष्यावरून बाण ढळलेल्यास अपराद्धपृषत्क अशीं नांवें आहेत. तीं हाताशीं व लक्ष्याशीं बांधलेलीं आहेत, अंतराशीं नव्हेत.

(४) शुक्रनीतीची साक्ष. ह्याच ठिकाणीं दुसऱ्या टोकाची चूक करणारे विद्वान् भेटतात. शुक्रनीतींत लघुनालिकाचें वर्णन आहे : नळी पांच वितस्ति लांब, मुळाशीं 'कर्ण', आणि लक्ष्य साधण्यासाठीं मुळावर व अग्रावर तिलबिंदु. आपण आजहि बंदुकीच्या व तोफेच्या छिद्रास कान म्हणतों. पुढील तिलबिंदूस माशी म्हणतों. एवढ्यावरून बंदूक प्राचीन भारतांत होती असें कित्येक ठासून सांगतात. पण त्याच वर्णनांत यंत्राच्या आघातानें दगडांतून अग्नि उत्पन्न होतो असें म्हटलें आहे. ही चकमकीच्या घोड्याची बंदूक होय. आणि तिची पूर्ण घडण युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं झाली. तेव्हां हा भाग त्याच्या मागें नेतां येत नाहीं. हत्याराचें अंग ठाऊक असलें म्हणजे पोथीचा काळहि कसा ठरवितां येतो, ह्याचा हा नमुना आहे.

(५) स्थळांची व प्रसंगांची साक्ष. तटांतील जंग्या पाहाव्या. त्यांतील पुष्कळशा बाहेर खालच्या अंगास उतरत्या आहेत. तटाच्या पायथ्याशीं आलेला व चढूं पाहणारा शत्रु हेंच त्यांचें लक्ष्य. डोंगरापलीकडील एकटा माणूस नव्हे. तसेंच, पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव गोळी लागून पडले ही गोष्ट सर्वमान्य आहे. ती गोळी त्यांच्यावरच नेम धरून दुरून मारलेली होती, असें मात्र केवळ जखमेवरून सिद्ध होत नाहीं. दाट रणांत शेंकडों बार सुटत असतां कोण्या एकाची गोळी कोणास लागली हें सांगणें जिवावर उदार झालेल्या साक्षीदारासहि कठीण. येथें 'स्नायपर' हा शब्द घातला कीं पुरावा नसलेला हेतु पुराव्याच्या जागीं बसतो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

ह्या शब्दाचा यथार्थ प्रयोग पाहावयाचा तर मराठी माणसाच्याच चरित्रांत तो आहे. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे, पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतील, १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगनवर एकटे धांवून गेले, तें ठाणें त्यांनीं घेतलें, आणि तेथेंच शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या छातींत व पाठींत लागून ते पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सन्मानपत्रांत स्नायपर हा शब्द जाणून घातलेला आहे. कारण लपलेला नेमबाज व समोरून भिडणारा वीर हे दोन धर्म तेथें आमनेसामने उभे आहेत. सर्वांसच स्नायपर म्हटल्यास घाडग्यांचें कृत्य समजण्याचें साधनच आपण गमावून बसूं.

(६) संग्राहकांस विनंती. चेंबुरांतील एका खाजगी संग्रहांतील तोड्याच्या बंदुकीस 'पेशवेकालीन स्नायपर रायफल' अशी चिठ्ठी लाविलेली आम्हीं पाहिली. आंत दिवा धरतांच नळी गुळगुळीत दिसली. म्हणजे तीन शब्दांपैकीं दोन तत्काळ गळले, आणि उरलेल्या 'पेशवेकालीन' ह्या शब्दास वस्तूवर कांहींच आधार नव्हता. म्हणून नोंद करतांना नळीची लांबी, मुखाचा व्यास, आंत चर आहेत कीं नाहींत व असल्यास किती, कानाची जागा, माशी, चापाची जात, व कोरलेलीं अक्षरें जशींच्या तशीं, इतकें प्रथम लिहावें. काळ व मालक शेवटीं. जुन्या नळींत बार राहून गेलेला असतो, ह्यास्तव जाणत्याकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घेतल्यावांचून तीस हात लावूं नये. आणि आंतील गंज घांसून काढूं नये, कारण त्याबरोबर चरांच्या खुणाहि जातील.

असो. आमच्या पूर्वजांच्या हातीं साको नव्हती म्हणून त्यांचें नेमकौशल्य उणें ठरत नाहीं. उलट, गुळगुळीत नळी, गोल गोळी व उशीरा पेटणारी रंजक ह्यांवर मात करून जो माणूस टिपी, त्याचा हात अधिक सिद्ध मानावा लागेल. परंतु त्याचें श्रेय त्यास त्याच्याच नांवानें द्यावें. बरकंदाज हा शब्द कागदांत आहे, पल्लेदार हा शब्द लोकांत आहे, तिलबिंदु पोथींत आहे. घरांत एवढी पुंजी असतां उसनवारीची गरज नाहीं.