‘लक्ष्य’, ‘वाहक’ आणि ‘प्रतिमा’ : औषधविज्ञानाच्या परिभाषेचा विचार

कोणत्याही शास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात विद्यार्थी प्रथम आत्मसात करतो ती त्या शास्त्राची परिभाषा. प्रयोगाची दृष्टी मागाहून येते. परिभाषा वस्तूंना नावे देऊन थांबत नाही. काय पाहावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हेही ती नकळत शिकवीत असते. औषध शरीरातील इष्ट स्थळी पोचविण्याची विद्या आणि रेणवीय प्रतिमांकन, या औषधविज्ञानाच्या दोन संलग्न शाखांची परिभाषा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

पहिल्या शाखेचे आद्य रूपक पाउल एर्लिख याचे : ‘त्साउबरकुगेल’, म्हणजे मंतरलेली गोळी. एर्लिख हा मूळचा रंगद्रव्यांचा अभ्यासक. मिथिलीन ब्लू विशिष्ट पेशींनाच रंगविते, तर विशिष्ट जंतूंनाच मारणारे द्रव्यही का असू नये, असा त्याचा तर्क होता. 1891 साली त्याने हेच रंगद्रव्य हिवतापाच्या रोग्यांवर योजून पाहिले. 1910 साली उपदंशावरील ‘सालव्हारसान’ बाजारात आले. मंतरलेल्या गोळ्यांची कथा जर्मन लोकपरंपरेत जुनी आहे आणि वेबरच्या 1821 च्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या संगीतिकेने ती सर्वतोमुखी केली. त्या कथेत सहा गोळ्या शिकाऱ्याच्या इच्छेप्रमाणे लागतात. सातवी सैतानाच्या इच्छेने जाते. वैद्यकात रूपक रूढ झाले, सातवी गोळी मात्र मागे राहिली. सालव्हारसान हे आर्सेनिकाचे संयुग होते आणि त्याचे अपाय रोग्यांना भोगावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वगळण्याचे मोल कळते. मराठीत तर बंदुकीची आणि औषधाची गोळी एकाच शब्दाने ओळखली जाते. त्यामुळे हे रूपक येथे रूपक म्हणून जाणवतही नाही.

रूपकामागून त्याचे व्याकरण येते. ‘वाहक औषधाला लक्ष्याकडे नेतो’ या वाक्यात वाहक कर्ता आहे आणि क्रिया हेतुपूर्वक आहे. वस्तुतः रक्तात सोडलेल्या अतिसूक्ष्म कणाला ना स्वतःची गती, ना दिशेचे ज्ञान. तो रक्तप्रवाहाबरोबर सर्वत्र फिरतो. त्याच्या पृष्ठभागावरील प्रतिपिंड पेशीला ओळखते ते कण तिला येऊन भिडल्यावरच. दुरून ओढून नेण्याचे सामर्थ्य त्यात नसते. 1986 साली मात्सुमुरा व माएदा यांनी दाखविले की, अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र आणि लसीकानिचरा अपुरा असल्यामुळे मोठे रेणू तेथे साचून राहतात. या साचण्यालाच पुढे ‘निष्क्रिय लक्ष्यवेध’ हे नाव रूढ झाले. वेध आणि तोही निष्क्रिय, हा वदतोव्याघात विद्यार्थी पाठ करतो आणि पुढे जातो.

टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली आधीच्या दहा वर्षांतील निबंध पडताळून काढलेला निष्कर्ष असा की, टोचलेल्या कणमात्रेपैकी अर्बुदात पोचणाऱ्या अंशाचा मध्यक अवघा 0.7 टक्के आहे. गणनपद्धतीविषयी या आकड्यावर आक्षेप घेतले गेले आणि ते विचारार्ह आहेत. तथापि बहुतांश कण यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशींच्या स्वाधीन होतात, याविषयी दुमत नाही.

याचा अर्थ ही विद्या फोल आहे असा नव्हे. 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘डॉक्सिल’चे उदाहरण बोलके आहे. बँगम यांनी 1960 नंतरच्या दशकात अभ्यासलेल्या मेदकोशांत डॉक्सोरुबिसिन भरले असता हृदयावरील त्याचा घातक परिणाम कमी होतो. येथे मोठा लाभ हृदय टाळल्याचा आहे. तळहात व तळपाय यांच्या त्वचेला होणारा दाह मात्र त्यात अधिक आढळतो. ‘लक्ष्यवेध’ या शब्दाने या लाभाचेही वर्णन होत नाही आणि हानीचेही.

दुसऱ्या शाखेतील ‘प्रतिमा’ हा शब्दही असाच सावधगिरी मागतो. फ्लोरोडिऑक्सिग्लुकोज हे द्रव्य मानवाला प्रथम 1976 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात देण्यात आले. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेते, त्याला फॉस्फेट जोडते. पुढील पचन मात्र होत नाही आणि द्रव्य तेथेच अडकते. त्यातील फ्लोरीन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटे. पडद्यावर दिसते ते ग्लुकोजचे ग्रहण. निरोगी मेंदू तसाच उजळतो, क्षयाची गाठही उजळते. ‘कर्करोगाची प्रतिमा’ म्हणणे हा अनुमानाला प्रत्यक्षाचा दर्जा देण्याचा प्रकार होय. वाहकावर किरणोत्सारी खूण लावून त्याचा माग काढता येतो, आणि लक्ष्यवेधाच्या रूपकाला यकृताचे दर्शन घडविणारे हेच उत्तम साधन आहे. परंतु खूण वाहकापासून सुटली, तर प्रतिमा खुणेची असते, औषधाची नव्हे.

मराठी परिभाषेत आणखी दोन अडचणी आहेत. औषध पोचविण्याच्या क्रियेला ‘औषधवितरण’ म्हटले, तर अभिशोषण, वितरण, चयापचय व उत्सर्जन या मालिकेतील ‘वितरणा’शी तिचा घोटाळा होतो, आणि पोचविणे व पसरणे यांतील भेद हाच तर या विद्येचा गाभा आहे. दुसरे असे की, मराठीत ज्याला ‘रेणू’ म्हणतात त्याला हिंदीत ‘अणु’ म्हणतात. हिंदीवरून ‘आणविक प्रतिमांकन’ असा शब्द उचलला, तर मराठी वाचकाला अणुगर्भाचा भास होतो. आणि या शाखेत किरणोत्सारी द्रव्ये खरोखरच वापरली जात असल्याने तो भास खराही वाटतो. ‘औषधप्रापण’ आणि ‘रेणवीय प्रतिमांकन’ ही पदे म्हणून अधिक निर्दोष ठरतात.

रूपकावाचून शास्त्र चालत नाही, आणि एर्लिखच्या रूपकाने शतकभर संशोधनाला चालना दिली, हे मान्यच केले पाहिजे. अपेक्षा एवढीच की, ‘कण लक्ष्यापर्यंत पोचले’ असे वाक्य प्रबंधात आले, की किती पोचले, किती वेळाने पोचले आणि उरलेले कोठे गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच परिच्छेदात मिळावीत. परीक्षकांनीही ती मागावीत. कारण उरलेल्या अंशाचा भार अखेर रोग्याच्याच शरीरावर पडतो.