ठोके सुधारले, रुग्ण दगावले

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक. तेव्हा ठोके नियमित करणारे औषध जीव वाचवील, हा तर्क बिनतोड वाटे. अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणीने तो पडताळून पाहिला. १९९१ च्या अहवालात एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. चाचणीचे मोल या तुलनेत आहे.

एक उणीव मात्र आम्हांला जाणवते. औषधाने ज्यांचे ठोके आधी सुधारले, तेच तुलनेसाठी निवडले होते. त्या निवडीच्या काळात दगावलेले या आकड्यांत नाहीत. औषधाला इतकी अनुकूल निवड असूनही निकाल विरुद्ध गेला! कोणताही प्रयोग शिकवताना म्हणूनच विचारावे : हवे होते काय, आणि मोजले काय?