‘वाहक’ म्हणजे कोण?

वैद्यकीय शब्दांच्या व्याख्या हा समीक्षेचा विषय कसा, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की, जी भाषा माणसाला त्याच्या देहाविषयी सांगू पाहते ती कुणासाठी लिहिली जाते हे तपासणे, हेही समीक्षेचेच काम आहे.

सिकलसेलचेच पाहा. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि १९५८ साली नागपूर भागात हा दोष आढळल्याचे प्रसिद्ध झाले. आज विदर्भातील वस्त्यांत ‘सिकलसेल’ हा शब्द म्हाताऱ्या बायाही बोलतात. लोकांनी तो केव्हाच आपला केला. तरी सामान्य वाचकासाठी म्हणून जे लिहिले जाते त्याची धाटणी अशी : ‘हिमोग्लोबिनच्या रचनेतील आनुवंशिक दोषामुळे होणारा चिरकारी पांडुरोग.’ शास्त्राच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे. पण ज्याच्या घरात हा आजार आहे त्याच्या हाती ते काय देते?

‘पांडुरोग’ म्हटले की माणूस समजतो, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घेतल्या की भरून येईल. लोहाने पेशीचा बिघडलेला आकार सुधारत नाही. पाणी भरपूर प्यावे, ताप आला तर घरी न थांबता दवाखाना गाठावा, ही कामाची गोष्ट व्याख्येबाहेरच राहते.

दुसरा शब्द ‘वाहक’. वर्गात हा शब्द निघाला तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एसटीतला?” वर्ग हसला. प्रश्न मात्र रास्त होता. एसटीच्या बाहेर हा शब्द आला की ऐकणाऱ्याला वाटते, हा रोग वाहून दुसऱ्याला देतो. मग एएस पॅटर्नच्या निरोगी मुलीलाही ‘रोगी’ ठरवले जाते, तिचे जमलेले लग्न मोडते. खरी गोष्ट अशी की सिकलसेल शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. वाहक स्वतः बहुधा निरोगीच जगतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल एसएस, म्हणजे आजारी, निघण्याची शक्यता चारात एक. एवढे साधे गणित व्याख्येत का मावू नये?

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘आदिवासी व मागासवर्गीयांत आढळणारा रोग’ असे लिहून व्याख्याकार थांबतो आणि वाचक जातीलाच कारण समजतो. हा दोष आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे. वाहकाला हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे तो टिकला. तो ठरावीक समाजांत साचून राहिला याचे एक कारण जातीतल्या जातीत होणारी लग्ने. सजातीय विवाह हेच जातीचे मर्म आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात मांडले होते. रक्ताला जात नव्हती. जातीने रक्ताला कुंपण घातले. हे न सांगणारी व्याख्या रोगाच्या नावाने जुनाच विटाळ नव्याने चिकटवते.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. रक्ततपासणी होते, कार्डे दिली जातात. कार्डावरचा शब्द घरात कोण समजावून सांगणार? हे काम कोशकारांवर सोडून चालणार नाही. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी व्याख्या आपल्या बोलीत लिहाव्यात, वस्तीत मोठ्याने वाचाव्यात आणि जिथे बाई “म्हणजे काय?” म्हणून अडवील तिथे वाक्य खोडून पुन्हा लिहावे.