चौथ्या चरणाची चार अक्षरे

दहावीच्या मराठीच्या परीक्षेत उपयोजित लेखनाला चांगले वजन असते. विद्यार्थ्याने पत्र लिहावे, सारांश लिहावा, बातमी, जाहिरात, कथा, निबंध लिहावा, अशी अपेक्षा असते आणि त्याची तयारीही वर्षभर करून घेतली जाते. कविता मात्र लिहायला कोणी सांगत नाही. तिचे रसग्रहण करायचे असते. वृत्त शिकवले जाते ते व्याकरणाच्या तासाला. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करायचे, दिलेल्या ओळीखाली लघू-गुरूच्या खुणा करायच्या, गण पाडायचे आणि वृत्ताचे नाव लिहायचे. हे पक्षी पिंजऱ्यावरच्या पाटीवरून ओळखण्यासारखे आहे. ‘मनाचे श्लोक’ लहानपणी म्हटलेल्या मुलाच्या कानात भुजंगप्रयात पक्का बसलेला असतो. दोनशे पाच श्लोक एकाच चालीत आहेत. त्यातले वीस-पंचवीस जरी तोंडी असले तरी पुरेत. पण त्या चालीत एसटीच्या गर्दीवर किंवा पहिल्या पावसावर दोन ओळी रचून दाखव, असे त्याला शाळेत कोणी म्हणत नाही. जे वृत्त त्याला येते, ते आपल्याला येते हेच त्याला ठाऊक नसते.

रचनाप्रकार शिकवणे म्हणजे मोजायला शिकवणे, हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि तो आपल्याच काव्यपरंपरेला धरून नाही. मराठीतली सर्वांत थोर रचना ज्या ओवीत आहे, ती ज्ञानेश्वरांची ओवी मोजणीला दाद देत नाही. तिच्या चरणांत अक्षरे कमीजास्त होतात. पहिल्या तीन चरणांना यमक असते, चौथा आखूड असतो आणि यमकाविना सुटतो. संख्या बदलली तरी ओवी ओवीच राहते, कारण तिची ओळख त्या हालचालीत आहे: तीनदा चढत जायचे आणि चौथ्यांदा थोडक्यात उतरायचे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त पद्याचे जे वर्गीकरण केले त्यातही अक्षरगणवृत्ते हा एक भाग आहे. मात्रांवर चालणाऱ्या जाती वेगळ्या, आणि लघू-गुरूचा भेद न मानणारे ओवी-अभंगासारखे छंद त्याहून वेगळे. शाळेने या तिन्हींतला पहिला, संस्कृतातून आलेला भाग उचलला, कारण त्याचे उत्तर बरोबर की चूक हे लगेच ठरवता येते. बाकीच्या दोन्हींसाठी कान लागतो, आणि कानाला गुण द्यायची सोय नाही.

शाळेबाहेर परिस्थिती अगदी उलटी दिसते. मोबाइलवरच्या साहित्यसमूहांत अष्टाक्षरीच्या, हायकूच्या, चारोळीच्या स्पर्धा सतत चालू असतात आणि त्यांत शिक्षक हिरिरीने भाग घेतात. या उत्साहाला नावे ठेवणे मला पटत नाही. शाळेने जी जागा रिकामी ठेवली ती या लोकांनी भरली आहे. मात्र तिथेही नियम म्हणून हाती पडते ती अक्षरांची संख्याच. ओळीत आठ अक्षरे भरली की अष्टाक्षरी झाली. ती आठ अक्षरे चार-चारची पडतात की मधला शब्द यतीवर चिरडला जातो, हे कोणी म्हणून पाहत नाही. हायकूच्या बाबतीत तर मोजमापच चुकले आहे. पाच-सात-पाच हा हिशेब जपानी भाषेतल्या ध्वनिमात्रांचा आहे आणि आपले अक्षर त्या मात्रेहून बरेच मोठे, जोडाक्षरांनी भरलेले असू शकते. सतरा मराठी अक्षरांत सतरा जपानी मात्रांहून कितीतरी अधिक मजकूर मावतो. त्यामुळे संख्या पाळूनही हायकूची काटकसर हातची जाते. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला तेव्हा त्यांनी या गणितापेक्षा दोन प्रतिमांमधल्या अबोल अंतराकडे अधिक लक्ष दिले. विद्यार्थ्याला शिकवायचे ते हे अंतर. तीन ओळींचे उपदेशपर वाक्य सतरा अक्षरांत बसवले म्हणून ते हायकू होत नाही.

प्रत्येक रचनाप्रकार ही विचाराची एक चाल असते. सुनीत घ्या. केशवसुतांनी हा इंग्रजी प्रकार मराठीत आणला आणि रविकिरण मंडळाच्या काळात तो बहरला. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ ही कविता सुनीत आहे आणि शार्दूलविक्रीडितात आहे: एकोणीस अक्षरांचे संस्कृत वृत्त, चौदा ओळींचा परका बांधा. ज्याला सुनीत लिहायचे आहे त्याला चौदा ओळी मोजून चालत नाही. आठ ओळी एक बाजू मांडल्यावर नवव्या ओळीला वळण घ्यायला आपल्यापाशी काही आहे का, हे त्याला आधी स्वतःला विचारावे लागते. गझलेत नेमके उलटे घडते. तिथे दोन ओळींत एक विधान स्वतंत्रपणे पुरे झाले पाहिजे आणि पुढच्या शेराला त्याचा आधार घेता येत नाही. रदीफ-काफियाचा धागा तेवढा सगळ्यांना बांधतो. चौदा ओळी पसरून सांगायची सवय असलेल्या मुलाला एक शेर लिहायला बसवले, तर आपण किती पाल्हाळ लावतो हे त्याला स्वतःलाच कळते.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे: कविता शिकवून येत नाही, ती उपजत असावी लागते. प्रतिभा शिकवता येत नाही हे खरे. पण प्रतिभा ज्या अवजारांनी काम करते ती शिकूनच हाती येतात. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांची कविता न शिकता आली असे समजण्याची चूक फार होते. खानदेशातल्या घराघरांत जाते फिरत होते आणि त्यावर ओवी गायली जात होती. त्या शाळेत त्या वर्षानुवर्षे बसल्या होत्या. मराठी मुलुखातून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. आधी ऐकायचे, मग म्हणायचे, मग आपली एक ओळ जोडायची, अशी शिकवण पिढ्यान्पिढ्या चालल्याशिवाय हे घडत नाही. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती नवोदितांसाठीच. आजही मराठीत नवखा माणूस शेर लिहून दाखवतो आणि जाणकार त्यातली अलामत कुठे चुकली, मात्रा कुठे सांडली हे नेमके सांगतात, असे घडते ते मुख्यतः गझलेच्या वर्तुळात. तिथे कधी नियमांचा काच वाढतो आणि निर्दोष पण निर्जीव गझला निपजतात, हेही पाहिले पाहिजे. तरीही जिथे शिकवले जाते तिथेच कारागिरी टिकते, ही गोष्ट नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वृत्ते ही शिकलेल्या उच्चवर्णीयांची मिरास होती. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने 1972 मध्ये जो स्फोट केला तो अशा चौकटी मोडूनच शक्य झाला. मग त्या चौकटी पुन्हा मुलांवर का लादायच्या? शार्दूलविक्रीडितालाच कविता म्हणायचे असेल, तर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण अभंग नामदेव शिंप्याचा आहे, चोखोबांचा आहे, जनाबाईचा आहे. पोवाडा आणि छक्कड अण्णाभाऊ साठ्यांनी कामगारांच्या मैदानात नेली. वामनदादा कर्डकांची गाणी चालीवर बेतलेली आहेत, आणि त्या चालींनीच आंबेडकरी विचार वस्त्यावस्त्यांत पोचवला. अभ्यासक्रमातून रचनाप्रकार काढून टाकला तर अन्याय मिटत नाही. अभ्यासक्रमाने ज्यांना बाहेर ठेवले ते प्रकार आत आणले पाहिजेत. ज्या मुलाच्या घरी भीमगीते गायली जातात त्याच्या कानात मात्रांचा हिशेब आधीच आहे. शिक्षकाने तिथून सुरुवात करावी.

मुक्तछंदाचा दाखला नेहमी दिला जातो, म्हणून कवी अनिलांचा उल्लेख करायला हवा. मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्यांत ते अग्रणी, ‘भग्नमूर्ती’ त्यांची. त्याच अनिलांनी पुढे दहा ओळींचा स्वतःचा घाट घडवला आणि ‘दशपदी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीत लिहिले, तालचित्रे लिहिली, आणि ‘अष्टदर्शने’त पाश्चात्त्य तत्त्वज्ञ व चार्वाक मांडायला अभंग निवडला. बंध सोडणे आणि बंध घेणे या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच येत होत्या. ज्याला एकही बंध येत नाही त्याने मुक्तछंद लिहिला, तर ओळ कुठे तोडायची हे तो कागदाच्या रुंदीवरून ठरवतो. आज नियतकालिकांतून येणाऱ्या कितीतरी कवितांत हे दिसते, आणि ते वाचताना वाईट वाटते, कारण आशय अनेकदा खरा असतो.

वेळ नाही, वर्गात मुले फार, तपासायचे कसे, या अडचणी खऱ्या आहेत, पण तेवढ्यासाठी मोठी कार्यशाळा लागत नाही. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. मुलांना न ठाऊक असलेला एखादा अभंग आधी दोनदा मोठ्याने म्हणावा, मग चौथा चरण झाकून पहिले तीन फळ्यावर लिहावेत आणि उरलेली चार अक्षरे मुलांकडून मागावीत. चाळीस मुलांचे चाळीस चरण एकाखाली एक उतरवले, की कोणत्या चार अक्षरांशी अभंग मिटला आणि कोणत्यांशी तो नुसता थांबला, यावर वर्ग आपणहून वाद घालू लागेल. मूळ चरण फळ्यावर आणायची घाई शिक्षकाने त्या दिवशी करू नये.